लिनक्ससाठी बांधलेला प्रोग्रॅम फ्रीबीएसडीवर कसा चालवायचा

प्रोग्रॅम फक्त लिनक्ससाठी मिळतो, सोर्स कोड मिळत नाही आणि मशीनवर फ्रीबीएसडी (युनिक्स घराण्यातली वेगळी प्रणाली) आहे, अशी वेळ आली की बरेच जण सरळ व्हर्च्युअल मशीन उभं करतात. बहुतेकदा त्याची गरज नसते. लिनक्सचे सिस्टम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागण्या, समजून घेणारा थर फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्येच (प्रणालीच्या गाभ्यातच) आहे. ३२ बिट प्रोग्रॅमसाठी तो खूप जुना आहे. ६४ बिट प्रोग्रॅमसाठी २०१६ साली आलेल्या १०.३ आवृत्तीपासून मिळतो.

या लेखात कमांड, फाइलींची नावं आणि चुकांचे संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत टाइप करायचे. अधोरेषा, टिंबं आणि तिरक्या रेषा जिथे आहेत तिथेच ठेवायच्या. सेटिंग बदलणाऱ्या कमांड रूट म्हणून चालवायच्या आहेत.

हा एम्युलेटर नाही

इथे प्रोसेसरच्या सूचनांचं भाषांतर होत नाही. प्रोग्रॅममधला मशीन कोड प्रोसेसर थेट चालवतो, म्हणून वेग जवळपास मूळचाच राहतो. त्याच कारणाने एक्स८६-६४ साठी बांधलेला प्रोग्रॅम आर्म मशीनवर चालणार नाही. फरक पडतो तो प्रोग्रॅम कर्नलकडे काही मागतो तेव्हा.

६४ बिट लिनक्सवर सिस्टम कॉल क्रमांक १ म्हणजे 'राइट', तर फ्रीबीएसडीवर क्रमांक १ म्हणजे 'एक्झिट'. लिनक्सचा प्रोग्रॅम चुकून फ्रीबीएसडीचा समजून चालवला, तर पहिली ओळ छापायला जातानाच तो संपेल. क्रमांकांची अदलाबदल करूनही भागत नाही. लिनक्सवर 'इअगेन' या चुकीचा क्रमांक ११ आहे, फ्रीबीएसडीवर ३५. फ्रीबीएसडीवर ११ म्हणजे डेडलॉकची चूक. सिग्नलचंही तसंच: 'सिगयूएसआर१' लिनक्सवर १०, फ्रीबीएसडीवर ३०. चूक परत कळवायची रीतसुद्धा वेगळी: लिनक्स ऋण आकडा परत देतो, फ्रीबीएसडी प्रोसेसरचा कॅरी फ्लॅग लावून धन आकडा देतो. हे सगळं जुळवण्याचं काम कर्नलमधला थर करतो, आणि चांगलं करतो.

म्हणूनच अडचण आली की कर्नलवर शंका घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: प्रोग्रॅमने नेमकी कोणती फाइल उघडली? चुकीची लायब्ररी, चुकीचं शेल, न सापडलेली /प्रॉक मधली फाइल, यांतच बहुतेक उत्तरं असतात.

आधी फाइल ओळखून घ्या

फाइल ./प्रोग्रॅम
ब्रँडईएलएफ ./प्रोग्रॅम

पहिल्या कमांडच्या उत्तरात तीन गोष्टी बघा: प्रोसेसर कोणता, फाइल डायनॅमिक (लायब्ररी बाहेरून घेणारी) आहे की स्टॅटिक (सगळं आतच असलेली), आणि 'इंटरप्रिटर' म्हणून कोणता लोडर (लायब्ररी शोधून जोडणारा प्रोग्रॅम) लिहिला आहे. /लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ असा लोडर असेल तर प्रोग्रॅम जीलिबसी या लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीवर बांधलेला आहे. लोडरच्या नावात 'मसल' (दुसरी सी लायब्ररी) असेल तर तो अल्पाइनसारख्या वितरणासाठी आहे. त्याला मसलचाच लोडर आणि मसलच्याच लायब्ररी लागतील, जीलिबसीचा संच उपयोगी नाही.

प्रोग्रॅम कोणाचा हे कर्नल कसं ओळखतं? ईएलएफ या साच्यातल्या प्रोग्रॅम-फाइलीच्या सुरुवातीच्या १६ बाइटांपैकी शून्यापासून मोजल्यावर सातव्या बाइटमध्ये प्रणालीचा क्रमांक असतो: फ्रीबीएसडीसाठी ९, लिनक्ससाठी ३. गंमत अशी की लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम तिथे शून्यच ठेवतात. मग कर्नल फाइलमधली नोंद किंवा लोडरचं नाव बघून ठरवतं. स्टॅटिक प्रोग्रॅममध्ये लोडरच नसतो. नोंदही नसेल, जसं गो भाषेतल्या स्टॅटिक प्रोग्रॅमबाबत होऊ शकतं, तर 'ईएलएफ बायनरी टाइप "०" नॉट नोन' असा संदेश येतो. उपाय दोन:

ब्रँडईएलएफ -टी लिनक्स ./प्रोग्रॅम
सिससीटीएल कर्न.ईएलएफ६४.फॉलबॅक_ब्रँड=३

पहिला उपाय फाइलच बदलतो. स्वतःचा चेकसम तपासणारा किंवा स्वतःला अपडेट करणारा प्रोग्रॅम त्याने बिघडू शकतो. दुसरा उपाय 'ओळख न पटलेली प्रत्येक फाइल लिनक्सची समज' असं कर्नलला सांगतो. फ्रीबीएसडीच्या स्वतःच्या फाइलींवर ९ चा शिक्का असतोच, त्यामुळे त्यांना धक्का लागत नाही. असे प्रोग्रॅम बरेच असतील तर दुसराच उपाय घ्या आणि ती ओळ /ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ मध्ये टाका. ३२ बिट प्रोग्रॅमसाठी नावात ६४ च्या जागी ३२.

थर सुरू करणं

सर्व्हिस लिनक्स इनेबल
सर्व्हिस लिनक्स स्टार्ट
केएलडीस्टॅट

शेवटच्या यादीत लिनक्स आणि लिनक्स६४ ही मॉड्यूल दिसली पाहिजेत. पहिलं ३२ बिटसाठी, दुसरं ६४ बिटसाठी. ही सर्व्हिस मॉड्यूल चढवण्याबरोबर /कॉम्पॅट/लिनक्स खाली प्रॉक, सिस, डेव्ह, डेव्ह/एफडी आणि डेव्ह/एसएचएम या जागाही माउंट करते. कोणी फक्त मॉड्यूल हाताने चढवून थांबलं की साधे प्रोग्रॅम चालतात. पण /प्रॉक/सेल्फ वाचणारे, किंवा सामायिक मेमरीसाठी /डेव्ह/एसएचएम वापरणारे, विचित्र ठिकाणी कोसळतात. तेव्हा 'माउंट' कमांड देऊन पाचही जागा मोजा.

आता लायब्ररी. सगळ्यात सोपा मार्ग तयार पॅकेजचा:

पीकेजी इन्स्टॉल लिनक्स_बेस-आरएल९

हा रॉकी लिनक्स ९ वर आधारलेला संच आहे आणि त्यात जीलिबसी २.३४ आहे. याआधीचा सी७ नावाचा संच सेंटओएस ७ वर आधारलेला होता, जीलिबसी २.१७ चा. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, त्यामुळे नवीन कामासाठी तो घेऊ नका. जुन्या सूचनांमध्ये सी७ असं दिसलं तर त्याच्या जागी आरएल९ वाचा. दोन्ही संच /कॉम्पॅट/लिनक्स मध्येच बसतात, म्हणून एका वेळी एकच ठेवायचा.

आणखी लायब्ररी लागल्या तर आधी 'पीकेजी सर्च लिनक्स-आरएल९' करून तयार पॅकेज शोधा. नसेल तर रॉकी लिनक्स ९ चं आरपीएम (त्याच्या पॅकेजची फाइल) आणा. फ्रीबीएसडीचा 'टार' आरपीएम थेट उघडतो, वेगळं साधन लागत नाही. पण ते /कॉम्पॅट/लिनक्स वर सरळ पसरू नका. रिकाम्या डिरेक्टरीत उघडा, आत काय आहे बघा आणि हवी ती .एसओ फाइल तिच्या सिमलिंकांसह /कॉम्पॅट/लिनक्स/यूएसआर/लिब६४ मध्ये न्या. मग:

/कॉम्पॅट/लिनक्स/एसबिन/एलडीकॉन्फिग

सिमलिंक शक्यतो सापेक्ष ठेवा. '/यूएसआर' पासून सुरू होणारी लिंक क्रूटच्या (सीएचरूट कमांडने एखादी डिरेक्टरीच मूळ मानून उघडलेल्या जागेच्या) आत आणि बाहेर वेगवेगळ्या ठिकाणी नेऊ शकते.

रस्ता कसा शोधला जातो

या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच. लिनक्सचा प्रोग्रॅम /ईटीसी/एबीसी उघडायला गेला की कर्नल आधी /कॉम्पॅट/लिनक्स/ईटीसी/एबीसी आहे का ते बघतं. असेल तर ती फाइल, नसेल तर खरी /ईटीसी/एबीसी. त्यामुळे तुमचं घर, /टीएमपी, डीएनएसची फाइल हे सगळं काही न करता दिसतं. सोय मोठी आहे, पण तिच्यातूनच बारीक चुका जन्मतात.

लायब्ररीपासून सुरुवात करू. लिनक्सची लायब्ररी संचात नसेल आणि त्याच नावाची फ्रीबीएसडीची लायब्ररी खऱ्या रस्त्यावर असेल, तर लोडर ती उचलतो आणि 'ईएलएफ फाइल ओएस एबीआय इनव्हॅलिड' म्हणत थांबतो. संदेश भीतीदायक वाटतो, पण अर्थ साधा: नाव बरोबर, फाइल परकी. हे जास्त करून एलडी_लायब्ररी_पाथ मध्ये /यूएसआर/लोकल/लिब घातल्यावर होतं. ते व्हेरिएबल शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत कधीच कायमचं लावू नका. फ्रीबीएसडीचा लोडरही तेच व्हेरिएबल वाचतो, त्यामुळे लिनक्सच्या लायब्ररींचा रस्ता त्यात राहिला तर तुमचे मूळ प्रोग्रॅमही अडखळतील. लागलंच तर त्या एका कमांडपुरतं लावा.

मग येतं लिहिणं. प्रोग्रॅमने नवी फाइल तयार केली आणि तिची डिरेक्टरी /कॉम्पॅट/लिनक्स खाली असेल, तर फाइल तिथेच जन्मते. /यूएसआर/शेअर मध्ये लिहिलं असं इन्स्टॉलर सांगतो, खऱ्या /यूएसआर/शेअर मध्ये काहीच नसतं, आणि फाइल असते /कॉम्पॅट/लिनक्स/यूएसआर/शेअर मध्ये. 'फाइल हरवली' वाटलं की आधी तिथे शोधा.

स्क्रिप्टचं प्रकरण सगळ्यात फसवं. पहिल्या ओळीत /बिन/बॅश असलेली स्क्रिप्ट फ्रीबीएसडीच्या शेलमधून सुरू केली, तर कर्नल खरं /बिन/बॅश शोधतं. फ्रीबीएसडीवर बॅश /यूएसआर/लोकल/बिन मध्ये असतं, म्हणून 'नॉट फाउंड'. त्या ओळीत /यूएसआर/लोकल/बिन/बॅश घातलं तर स्क्रिप्ट सुरू होते, पण आतली 'यूनेम' कमांड 'फ्रीबीएसडी' असं उत्तर देते आणि इन्स्टॉलर 'ही प्रणाली चालत नाही' म्हणून बाहेर पडतो. योग्य रीत ही:

/कॉम्पॅट/लिनक्स/बिन/बॅश ./इन्स्टॉल.एसएच

आता शेल लिनक्सचं आहे, म्हणून त्याने बोलावलेली यूनेम /कॉम्पॅट/लिनक्स मधली सापडते आणि 'लिनक्स' असं उत्तर देते. तरी सावध राहा. संचात नसलेलं साधन लागलं की तेच शेल मुकाट्याने फ्रीबीएसडीचं साधन उचलतं. दोन्हीकडच्या साधनांचे पर्याय सारखे नसतात. 'सेड -आय' घ्या: लिनक्सवर ते तसंच चालतं, फ्रीबीएसडीवर त्यापुढे बॅकअपचा प्रत्यय, निदान रिकामा, द्यावाच लागतो. स्क्रिप्ट मध्येच कशीतरी मोडली तर त्या शेलमध्ये 'टाइप सेड' विचारून काही कळणार नाही, कारण रस्ता दोन्हीकडे सारखाच दिसतो. /कॉम्पॅट/लिनक्स खाली ती फाइल खरंच आहे का, ते 'एलएस' ने बघा.

संच पुरेनासा झाला की पूर्ण डेबियन

'व्हर्जन जीलिबसी_२.३६ नॉट फाउंड' असा संदेश आला, किंवा प्रोग्रॅमला पन्नासएक पॅकेजं लागत असतील, तर एकेक लायब्ररी गोळा करण्यात वेळ घालवू नका. पूर्ण वितरण उतरवा. डेबियन १२, म्हणजे बुकवर्म, जीलिबसी २.३६ देतो. निदान २ जीबी मोकळी जागा ठेवा.

पीकेजी इन्स्टॉल डेबूटस्ट्रॅप
डेबूटस्ट्रॅप बुकवर्म /कॉम्पॅट/डेबियन

हे चालवण्याआधी लिनक्स सर्व्हिस सुरू असायलाच हवी, कारण डेबूटस्ट्रॅप पॅकेजं बसवताना त्यांतलेच लिनक्स प्रोग्रॅम चालवतो. नंतर /ईटीसी/एफएसटॅब मध्ये सात ओळी लागतात. पुढचे सगळे रस्ते /कॉम्पॅट/डेबियन खालचे आहेत: /डेव्ह वर डेव्हएफएस; /डेव्ह/एसएचएम वर टीएमपीएफएस, पर्याय 'साइज=१जी,मोड=१७७७'; /डेव्ह/एफडी वर एफडेस्कएफएस, पर्याय 'लिनआरडीएलएनके'; /प्रॉक वर लिनप्रॉकएफएस; /सिस वर लिनसिसएफएस; आणि खरे /टीएमपी व /होम नलएफएसने (एकच डिरेक्टरी दुसऱ्या जागीही दाखवणाऱ्या फाइलप्रणालीने) त्याच नावांच्या जागी. प्रत्येक ओळीत 'आरडब्ल्यू,लेट' हवंच. 'लेट' विसरलात तर बूट होताना मूळ फाइलप्रणाली तयार होण्याआधीच माउंटचा प्रयत्न होऊ शकतो आणि मशीन एकल-वापरकर्ता अवस्थेत अडकू शकतं. मोड १७७७ नसेल तर साधा वापरकर्ता सामायिक मेमरी तयार करू शकत नाही. लिनआरडीएलएनके नसेल तर /डेव्ह/एफडी मधल्या लिंका लिनक्सच्या अपेक्षेप्रमाणे वाचता येत नाहीत. /टीएमपी जोडायचं आणखी एक कारण: एक्स११ चा सॉकेट तिथे असतो, आणि तो दिसला नाही तर खिडकी उघडत नाही.

माउंट -ए
सीएचरूट /कॉम्पॅट/डेबियन /बिन/बॅश

आत 'एपीटी' चालवल्यावर 'डायनॅमिक एममॅप रॅन आउट ऑफ रूम' आलं तर /ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी मध्ये नवी फाइल करून ही एक ओळ लिहा:

एपीटी::कॅश-स्टार्ट २५१६५८२४०;

हा आकडा बाइटांत आहे, म्हणजे २४० एमबी. एपीटी आपला कॅश लिनक्सच्या ज्या कॉलने वाढवत नेतं तो इथे चालत नाही, म्हणून सुरुवातीलाच पुरेशी जागा द्यायची.

क्रूटमध्ये इनिट (सेवा सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) नसतं. सर्व्हर प्रकारची पॅकेजं बसताना स्वतःला सुरू करायला जातात आणि अपयशी ठरून पॅकेज अर्धवट सोडतात. /यूएसआर/एसबिन/पॉलिसी-आरसी.डी नावाची, चालवता येणारी, फक्त 'एक्झिट १०१' करणारी शेल स्क्रिप्ट ठेवली की ते थांबतं. वापरकर्ताही आत वेगळा तयार करावा लागतो, आणि त्याचा यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) बाहेरच्या यूआयडीइतकाच द्या. बाहेर १००१ असेल तर आत 'यूजरॲड -यू १००१'. नाहीतर /होम मधल्या स्वतःच्या फाइलींवरच परवानगी मिळणार नाही. डीएनएसची फाइल डेबूटस्ट्रॅप एकदाच उतरवून घेतो. पुढे नेटवर्क बदललं आणि आत नावं सापडेनाशी झाली तर ती पुन्हा कॉपी करा.

क्रूटमध्ये न शिरता हाच संच वापरायचा असेल तर:

सिससीटीएल कॉम्पॅट.लिनक्स.एम्युल_पाथ=/कॉम्पॅट/डेबियन

हे कायम करताना एक अडचण येते: मॉड्यूल चढण्याआधी हे नाव कर्नलमध्ये नसतंच, आणि /ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ त्याआधी वाचली जाऊ शकते. म्हणून /बूट/लोडर.कॉन्फ मध्ये 'लिनक्स६४_लोड="येस"' टाका. माउंट एफएसटॅबमधून होत असल्यामुळे आरसी.कॉन्फ मध्ये 'लिनक्स_माउंट्स_इनेबल="नो"' करा, म्हणजे माउंटचं काम एकाच ठिकाणाहून होतं.

नेटवर्कवर सेवा देणारा प्रोग्रॅम असेल तर क्रूटऐवजी हीच डिरेक्टरी जेलच्या (प्रोग्रॅम वेगळे कोंडून ठेवणाऱ्या फ्रीबीएसडीच्या सोयीच्या) मुळाशी द्या. क्रूट ही सुरक्षेची भिंत नाही. जेलला 'लिनक्स = न्यू' दिलं की त्याच्यापुरती लिनक्सची आवृत्तीही वेगळी सांगता येते.

बिघडलं की काय वाचायचं

'ईएलएफ इंटरप्रिटर नॉट फाउंड' आणि लगेच 'ॲबॉर्ट ट्रॅप': संच बसवलेला नाही, किंवा एम्युल_पाथ दुसरीकडे बघतोय.

'फेटल: कर्नल टू ओल्ड': जीलिबसीला हवी त्यापेक्षा जुनी लिनक्स आवृत्ती कर्नल सांगतंय. 'सिससीटीएल कॉम्पॅट.लिनक्स.ओएसरिलीज' ने ती बघता येते आणि बदलता येते. पण आकडा वाढवल्याने नवे सिस्टम कॉल येत नाहीत. प्रोग्रॅम जो कॉल आजवर टाळत होता तोच आता मागू शकतो, म्हणून गरजेपुरताच बदला.

लायब्ररी कुठून उचलली जाते हे जीलिबसी स्वतः सांगते:

एनव्ही एलडी_डीबग=लिब्स ./प्रोग्रॅम

बाकी सगळ्यासाठी केट्रेस:

केट्रेस -आय -टी सीएन ./प्रोग्रॅम
केडंप | लेस

'-टी सीएन' म्हणजे सिस्टम कॉल आणि फाइलींची नावं एवढंच नोंदवा. '-आय' म्हणजे प्रोग्रॅमने सुरू केलेल्या इतर प्रक्रियांनाही धरा. बाहेर पडण्याच्या जागेपासून वर वाचत जा. 'नामी' शब्दाच्या ओळीत फाइलीचं नाव असतं, त्याच्या खालच्या 'रेट' ओळीत यश की चूक. शेवटची 'ईनोएंट' (फाइल सापडली नाही ही चूक) बहुतेकदा गुन्हेगार असते. मात्र लोडर लायब्ररी शोधताना अनेक डिरेक्टरी चाळतो, त्या ईनोएंट निरुपद्रवी आहेत. तीच फाइल पुढे कुठेच सापडली नाही तेव्हाच तिच्याकडे बोट दाखवा.

'डीमेसेज' मध्ये 'लिनक्स:' ने सुरू होणारी, अमुक कॉल उपलब्ध नाही असं सांगणारी ओळ आली, तर तो खरोखर कर्नलचा प्रश्न आहे. तिथेही घाई नको. पुष्कळ प्रोग्रॅम नवा कॉल मागून बघतात, नकार मिळाला की जुन्यावर येतात. ओळ आली पण प्रोग्रॅम चालला, तर ती सोडून द्या.

जिथे प्रयत्न करू नये

लिनक्सचे कर्नल मॉड्यूल आणि ड्रायव्हर चालत नाहीत. थर फक्त प्रोग्रॅमसाठी आहे. डॉकरला नेमस्पेस आणि सीग्रुप (प्रक्रिया वेगळ्या ठेवणाऱ्या आणि त्यांना मर्यादा घालणाऱ्या लिनक्स कर्नलच्या सोयी) लागतात, सिस्टमडीलाही सीग्रुप लागतात. केव्हीएम वापरणारी आणि आयपीटेबल्सने नियम लावणारी साधनंही याच वर्गातली. यांच्यासाठी बीहाइव्हमध्ये, म्हणजे फ्रीबीएसडीच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, खरं लिनक्स चालवणं हेच बरोबर. क्रोमसारखा ब्राउझर स्वतःच्या सँडबॉक्ससाठी त्याच सोयी मागतो, म्हणून तो '--नो-सँडबॉक्स --नो-झायगोट --इन-प्रोसेस-जीपीयू' देऊनच सुरू होतो. सँडबॉक्स काढलेल्या ब्राउझरने अनोळखी साइट उघडणं धोक्याचं आहे. रोजच्या वापराला फ्रीबीएसडीच्या पॅकेजमधलाच ब्राउझर घ्या.

इतर युनिक्सवर हीच कल्पना वेगळ्या नावांनी भेटते. नेटबीएसडीवर मॉड्यूल कॉम्पॅट_लिनक्स आणि जागा /एम्युल/लिनक्स. इलुमॉसवर आधारलेल्या स्मार्टओएस आणि ऑम्निओएसवर एलएक्स झोन. तिथे पूर्ण लिनक्स वितरण एका झोनमध्ये बसतं. ओपनबीएसडीने मात्र २०१६ च्या ६.० आवृत्तीत हा थर काढून टाकला, तिथे व्हर्च्युअल मशीनला पर्याय नाही.

काढून टाकताना

डेबियनची डिरेक्टरी नको झाली म्हणून थेट 'आरएम -आरएफ /कॉम्पॅट/डेबियन' कधीही करू नका. आत नलएफएसने तुमचं खरं /होम जोडलेलं आहे, आणि ती कमांड सगळ्यांची घरं पुसत जाईल. आधी एफएसटॅबमधल्या सातही ओळी काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा. मग:

माउंट | ग्रेप कॉम्पॅट/डेबियन

काहीच छापलं नाही तरच पुढे जा. तरी आधी 'एलएस /कॉम्पॅट/डेबियन/होम' करून ती डिरेक्टरी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा. आत तयार केलेल्या वापरकर्त्याच्या घरातल्या फाइली खऱ्या /होम मध्येच गेलेल्या असतात, त्या वेगळ्या निवडून काढाव्या लागतील.